बोटीवरचा आकडा

मार्सेय, गुरुवार

प्रिय गुलवेन,

सर्वप्रथम एका अत्यंत गंभीर घटनेची नोंद. आमच्या मजल्यावरच्या कॉफीयंत्राने साखर देणं बंद केलं आहे. बिघाड नाही, धोरण आहे. यंत्राच्या कपाळावर तसं पत्रक चिकटवलंय, खाली तीन सह्या आणि ‘कर्मचाऱ्यांच्या आरोग्याच्या हितार्थ’ अशी ओळ. ज्या इमारतीत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत प्रत्येक माणूस साखर कशी तुटते यावर पगार घेतो, त्या इमारतीत साखर मिळत नाही. आमचे विभागप्रमुख, ज्यांच्या भाषणात ‘राष्ट्राची प्रतिष्ठा’ हा शब्द आल्याशिवाय जेवण सुटत नाही, ते परवा कोपऱ्यावरच्या कॅफेतून साखरेचे चौकोनी खडे चष्म्याच्या डबीत भरताना मी स्वतः पाहिले. मला बघून म्हणाले, “नमुने आहेत.” या सगळ्यात सुखी फक्त मागच्या टेकडीवरची रानडुकरं. ती सकाळी येऊन कचऱ्याचे डबे उलथतात, आम्ही टाकलेल्या गोड पावांचा फडशा पाडतात, आणि त्यांच्या आरोग्याची चिंता कुणीही करत नाही.

आता तू म्हणशील, ओदीलबाई, तुझ्याकडे तर साखर आहे. आहे. म्हणजे कालपर्यंत होती: तुमच्याकडून निघताना तुझ्या लेकीने, एनोराने दिलेली पिशवी, माझ्या खणात, जशीच्या तशी. तुमच्या टेबलावरच्या वाडग्यातून दोन खडे खिशात टाकताना तिने मला पकडलं. ओरडली नाही, हसली, आणि आतून पिशवी भरून आणली. “ओदीलमावशी, चोरी कशाला? मागायचं ना.” गेले तीन आठवडे मी कडू कॉफी पितेय. ती साखर मला कॉफीत घालववली नाही. का, ते येईल पुढे. मी तुला ओळखते, तू पत्राचं शेवटचं पान आधी वाचतोस. या वेळी तसं करू नकोस, एवढं माझं ऐक.

त्या दिवशी मी जेवणावरून उठले आणि गाडी चुकेल म्हणून पळाले. गाडीला भरपूर वेळ होता. तुमच्या त्या इवल्याशा स्टेशनच्या बाकावर मी दिवस कलेपर्यंत बसले होते. तुझ्या आनाइगने बांधून दिलेला पाव आणि खारं लोणी मांडीवर, आणि समोर एक समुद्रपक्षी, ज्याचं माझ्याकडे बघणं मला अजिबात आवडलं नाही. मी तुमच्याकडे काहीतरी सांगायला आले होते. सांगितलं नाही. खेकडे मात्र खाल्ले.

तुला ग्रनोबलची ती खिडकी आठवते का? विचारतेय काय, तू तर अजून प्रत्येक पाहुण्याला ती गोष्ट सांगतोस. आपण दोघं विशीतले, पगार नावापुरता, आणि जगाने अजून न मागितलेलं एक काम आपल्या अंगावर. तोवर साखर तोडणाऱ्या एन्झाइमांना त्यांच्या धंद्यावरून ओळखत. हे स्टार्च तोडतं, हे लाकडातली साखर तोडतं, हे शिंपल्याचं कवच पोखरतं. म्हणजे गावातल्या सगळ्या सुतारांना एक आडनाव. आपल्या सरांचं म्हणणं वेगळं होतं: धंदा विचारू नका, बांधा बघा. प्रत्येक प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची लांबच लांब माळ. ज्यांच्या माळा एकमेकींसारख्या ओवल्या आहेत ती एका घराण्यातली, मग एक स्टार्च खात असो नाहीतर दुसरं लाकूड. संगणक होता एक, पण तो विभागातल्या वडीलधाऱ्यांसाठी. आपल्या वाट्याला कागद. माळ काठीभोवती गुंडाळल्यासारखी तिरकी लिहायची, मग उलगडायची, तीच शेजारी पुन्हा चिकटवायची, आणि पाण्याला बुजणारे मणी रंगीत पेन्सिलीने घेरून टाकायचे. कागदावर बेटं उमटायची. एका एन्झाइमाची बेटं दुसऱ्याच्या बेटांवर बसतात का हे पाहायला आपण दोन्ही कागद एकावर एक खिडकीच्या काचेला लावायचो, कारण समोर बर्फाचे डोंगर होते आणि त्यांचा उजेड फुकट होता. ढग उतरले की विज्ञान बंद. तू सिगारेट पेटवायचास आणि म्हणायचास, “आज घराण्यांना सुट्टी.”

तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले होते. मी मण्याला मणी जुळवत बसायचे, तू दुरून एक डोळा मिटून म्हणायचास, “हा घोडा आहे, आणि तो पण घोडाच आहे, फक्त शेपूट कापलेला.” आणि असायचा. माझ्या बाबतीत मात्र शेपटानेच घात केला. मी दोन एन्झाइमं मोठ्या थाटात एका घराण्यात बसवली, सरांना दाखवली, सरांनी मान डोलावली. तू येऊन कागद फिरवलास आणि म्हणालास, “ओदील, यांची शेपटं सारखी आहेत. धडं बघ.” ते शेपूट नुसतं साखरेला धरून ठेवण्यासाठी असतं, तोडणारा भाग वेगळाच. दोन माणसांच्या हातात एकाच दुकानाची पिशवी बघून मी त्यांना सख्खे भाऊ ठरवलं होतं. प्रयोगशाळेचा नियम ठरलेला: जो एन्झाइम चुकीच्या घरात घालेल त्याने सगळ्यांना अक्रोडाचा केक आणायचा. तू दोनदा आणलास, सरांनीसुद्धा एकदा आणला, विकतचा, आणि घरी केलाय म्हणून शपथ घेतली. माझ्या पाळीला मला मार्सेयची नोकरी लागली आणि मी केक न आणताच सटकले. तेव्हापासून तुझं प्रत्येक पत्र, प्रत्येक वाढदिवसाचं कार्ड एकाच वाक्याने संपतं, की केक राहिलाय. त्या दिवशी दार उघडताना सुद्धा तू माझ्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे बघितलंस. “रिकामीच आलीस? वाटलंच.”

मी मार्सेयला घराण्यांची यादी सांभाळायला लागले आणि तू तुझ्या किनाऱ्यावर परत जाऊन कुजक्या शेवाळात शिरलास. आनाइग लग्नानंतरची ती वर्षं कशी सांगते ते मला तोंडपाठ आहे: नवरा घरी यायच्या आधी त्याचा वास यायचा, म्हणून कपडे काढायची जागा मागच्या खोपीत. लाटांनी किनाऱ्यावर टाकलेल्या त्या तपकिरी ढिगात एक जंतू राहतो, तो शेवाळातली चिवट, बुळबुळीत साखर तोडून खातो, आणि तो ती कशाने तोडतो हे तुला हवं होतं. घमेली भरभरून शेवाळ, त्यातून पेलाभर गढूळ पाणी, त्यातून थेंबभर प्रथिन. तो थेंब साखर तोडत होता. तू त्या प्रथिनाची माळ वाचलीस आणि मला पाठवलीस. मी ती जगातल्या तोवरच्या सगळ्या माळांशी लावून पाहिली. एकीशीही जुळेना. आठवतंय, मी तुला फोन केला होता? मी म्हटलं, “गुलवेन, तुझं पोर कुणाच्याच घरचं नाही.” तू म्हणालास, “मग त्याला घर दे.” आपल्या यादीत नवं घराणं काढायला एकच अट असते: त्यातल्या निदान एकाने तरी साखर तोडलेली कुणीतरी नळीत, डोळ्यांनी पाहिलेली हवी. तू पाहिली होतीस. मी त्याला यादीतला पुढचा आकडा दिला; आपल्याकडे घराण्याचं नाव म्हणजे तेच.

तो आकडा मी या पत्रात लिहीत नाही. तुला पाठ आहे, आणि माझा हात होत नाही.

तू तो बोटीवर रंगवलास. बाकीच्या बोटींवर बायकांची नावं, संतांची नावं, एकीवर एका फुटबॉलपटूचं, आणि तुझ्या बोटीच्या मागे नुसता आकडा. बंदरावरचे ते दोन म्हातारे मला त्या दिवशीही सांगत होते, “बाई, आम्ही याला पहिल्या दिवशीच विचारलं, आधीच्या सगळ्या बुडाल्या का रे?” आणि तू त्यांना अभिमानाने समजावलंस, की आधीच्या सगळ्या दुसऱ्यांच्या आहेत, ही माझी. मी हसले. मोठ्याने हसले. त्याच्या आदल्या महिन्यापासून मला माहीत होतं.

आता सांगतेच. डेन्मार्कमधल्या एका बाईंनी मला पत्र पाठवलं होतं. अतिशय सभ्य पत्र, प्रत्येक परिच्छेदात एकदा माफी. त्यांनी तुझ्या घराण्यातली अर्धा डझन प्रथिनं शुद्ध, एकेकटी तयार केली आणि तुझ्या शेवाळाच्या साखरेवर सोडली. काहीही तुटलं नाही. मी म्हटलं, नातेवाईक आळशी असतील, मूळ पुरुष बघा. खाली आमच्याकडेच तुझ्या स्वतःच्या माळेवरून प्रथिन बनवून घेतलं, तेही अगदी एकटं, सोबतीला कुणी नसलेलं. साखर घातली. थांबलो. आणखी साखर, आणखी प्रकारच्या साखरा. ते नुसतं बसून राहिलं, गुलवेन. मग डेन्मार्कच्या त्या बाईंनीच तुझ्या जंतूत दुसरं एक प्रथिन शोधलं, लहानसं, आपल्या यादीतल्या एका जुन्या, परिचित घराण्यातलं. ते तोडतं. कचाकचा तोडतं. म्हणजे तुझ्या त्या थेंबात दोघं होते. तुझा मोठा देखणा, ज्याची माळ तू वाचलीस, आणि त्याच्या पाठीमागे चिमूटभर दुसरा, ज्याने सगळं काम केलं. त्या काळच्या कुठल्याही यंत्राला तो दिसला नसता. तुला दिसायचा प्रश्नच नव्हता. मला दिसला नाही, आणि मी तर यादीवाली.

आणि यादीची गंमत अशी, की तिला खिडकी लागत नाही. तुझ्या त्या एका माळेसारखी दिसणारी माळ समुद्रातून, मातीतून, गाईच्या पोटातून कुठूनही निघाली की संगणक तिला तुझ्या घरात टाकतो आणि कपाळावर चिठ्ठी लावतो: ही शेवाळाची साखर तोडते. हजारोंनी लागल्या चिठ्ठ्या. एकीलाही कुणी विचारलं नाही. घराणं खरं आहे, त्यांचे बांधे खरेच एकमेकांसारखे आहेत. पण त्यातलं कुणीही आजवर साखर तोडताना दिसलेलं नाही, आणि आमच्या यादीत न तोडणाऱ्याला जागा नाही.

हे सांगायला मी आले होते. वाटेत गाडीत वाक्यं पाठ केली होती. तुझ्या दारात विसरले, असं म्हणू? नाही विसरले. तू खेकडे फोडत होतास, ती लाकडी हातोडी टेबलावर आपटत होतास, आनाइग म्हणत होती की बाईच्या ताटात कवचं उडवू नकोस, आणि मी प्रत्येक ठोक्याला म्हणत होते, हा झाला की सांगते. मग तू विचारलंस, नेहमीप्रमाणे, लेकीबाळीची चौकशी करावी तशी, “माझ्या घराण्याचं कसं काय?” मी म्हटलं, “ठणठणीत. वाढतंच आहे.” वाढतंच आहे हे खरं होतं. खोटं बोलताना मी नेहमी एक खरं वाक्य जोडते, त्याने पचायला हलकं जातं.

तिथवरही मी स्वतःला क्षमा केली असती. मी तुझ्या ताटात हे वाढलं नाही, एवढंच. पण मग एनोरा आतून सीदरची, तुमच्या त्या सफरचंदाच्या दारूची बाटली घेऊन आली आणि तू पेला उंच धरून म्हणालास की पोरीने डॉक्टरेटचा विषय ठरवला. ती लाजली, मग तुझ्यासारखा एक डोळा मिटून म्हणाली, “बाबांचंच घराणं. घरातलं काम घरात.” आनाइग म्हणाली, “म्हणजे खोपी परत धुवायला काढायची.” सगळे हसले. एनोरा माझ्याकडे वळली. तू तुझ्या लेकीला तिच्या लहानपणापासून सांगत आलास की जगात हे काम खरं कळणारी एक बाई आहे, ती मार्सेयला असते. त्या भरवशाने तिने विचारलं, “मावशी, विषय बरा आहे ना? खरं सांग हं. बाबा काही बोलायचे नाहीत.”

आणि मी म्हटलं, “डोळे मिटून घे.”

गुलवेन, मी आयुष्यभर लोकांची थट्टा करून पोट भरलंय. परिषदांमधले पोकळ लोक, स्वतःच्या एन्झाइमाच्या प्रेमात पडलेले लोक, दुसऱ्याने दाखवलेली चूक तीन वर्षं खिशात घालून फिरणारे लोक. मी त्यांच्यावर लिहिलेलं आमच्या वार्षिक पत्रिकेत आधी वाचलं जातं, असं म्हणतात. त्या बाकावर बसून मी प्रयत्न केला की स्वतःवरही एखादं चुरचुरीत वाक्य सुचतंय का. तो समुद्रपक्षी पाव घेऊन गेला, एवढंच झालं.

तुला फोन का केला नाही हे तू विचारशीलच. कारण फोनवर तू मला धीर देशील, आणि मी तो घेईन. मला माहीत आहे तू काय म्हणशील: “चूक माझी, नळी माझी.” नाही. नळी तुझी, पण घर मी दिलं. नियम तूच शिकवलास: केक एन्झाइमवाला आणत नाही, त्याला घरात घालणारा आणतो. यादीच्या नोंदीत मी तसंच लिहिलंय. शोधकाचं मोजमाप त्या काळाच्या साधनांनी बरोबर होतं, नवं घराणं स्थापताना यादीने घाई केली. विभागप्रमुख म्हणाले, “घाई हा शब्द गाळता येईल का, संस्थेची प्रतिष्ठा.” मी म्हटलं, “गाळा, मग मी तुमच्या चष्म्याच्या डबीबद्दल लिहिते.” शब्द राहिला.

तर हे पत्र यासाठी. आज सकाळी मी तुझं घराणं यादीतून काढलं. नवी यादी सोमवारी सगळ्या जगासाठी उघडते, आणि एनोराचा विषय विद्यापीठात नोंदवायचा दिवसही सोमवारच आहे. हे तुम्हाला शनिवारी मिळावं म्हणून मी आज पोस्टात रांगेत उभी राहणार आहे. तिला तू सांग. नको, तिला हे पत्रच वाचायला दे, ‘डोळे मिटून घे’ या ओळीसकट. आणि तिला म्हण, मावशीला फोन कर, हव्या तेवढ्या शिव्या दे, त्या संपल्या की एक प्रश्न विचार: साखर तोडत नाहीत तर हजारो जंतूंनी ही प्रथिनं इतक्या निगुतीने सांभाळलीत कशासाठी? हे सांत्वन वाटेल. थोडं आहेही. पण प्रश्न खरा आहे, आणि त्यावर अजून कुणाची चिठ्ठी लागलेली नाही. काढलेल्या घराण्याचा आकडा आम्ही दुसऱ्या कुणाला देत नाही, हे तुला ठाऊक आहेच. यादीत ती जागा कायमची रिकामी राहते, आधीचा आकडा, मग पुढचा, मध्ये काही नाही. म्हणून बोट रंगवायला काढू नकोस. तो आकडा आता जगात फक्त तुझ्या बोटीवर आहे. सोबतच्या खोक्यात अक्रोडाचा केक आहे, मी स्वतः केलेला, शपथेवर. पहिला जळला, तो मी इथे डब्याजवळ ठेवला तर रानडुकरांनी हुंगून सोडून दिला. हा बरा आहे. यात एनोराने दिलेली साखर घातली आहे, सगळी. हा त्या शेपटांच्या चुकीचा, ग्रनोबलचा. या वेळच्या चुकीचा केक मी स्वतः घेऊन येईन, तुम्ही दार उघडणार असाल तर.

तुझीच,
ओदील